ते ६९ जीबी कुणी खाल्ले?

आमच्या तालमीच्या ग्रुपवर पंचगंगेच्या पाणीपातळीपासून भिशीच्या तारखेपर्यंत सगळं येत असतं. त्यात एखादा फॉरवर्ड खोटा निघाला तर मी उठून उत्तर देत बसत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सांभाळायचं असतं. पण हा मेसेज महिन्याभरात चौथ्यांदा आला, आणि त्यातला उपाय करून बसलेली एक हार्डडिस्क दुसऱ्याच दिवशी कोल्हापुरात, राजारामपुरीत माझ्या टेबलावर येऊन पडली. म्हणून हे लिहिणं.

मेसेज असा आहे:

“हार्डडिस्क घेताय? थांबा! १ टीबीचे पैसे घेऊन ९३१ जीबीच देतात, ६९ जीबी कंपनी खाते. उरलेल्यातली जागा विंडोज चोरते. कुठल्याही फाइलच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘साइज’ वेगळा आणि ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा दिसेल. जागा परत मिळवायची असेल तर डिस्क ६४ केबीवर फॉरमॅट करा, लपवलेली पार्टिशनं उडवा, दर आठवड्याला डिफ्रॅग मारा. महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवा, कधीच जाणार नाही. जुना कॉम्प्युटर विकताना नुसता फॉरमॅट मारा, कुणाला काही सापडत नाही. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.”

डिस्क घेऊन आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक. अर्ध्या गल्लीला त्यांनी गणित शिकवलंय, मीही त्यातलाच. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मेसेजमध्ये लिहिलंय तसं केलो बघ मी. चौसष्टवर फॉरमॅट मारलो. जागा काय वाढली नाही, आणि फोटोबी गेले सगळे.” त्यांच्या डिस्कचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मेसेज घेऊ, वाक्यावाक्यानं.

“१ टीबीचे पैसे घेऊन ९३१ जीबीच देतात.”

गुजरीत जाऊन एक तोळा सोनं मागा. सराफ दहा ग्रॅम तोलून देईल. पण घरात आजीच्या पाटल्यांची जुनी पावती सापडली तर तिच्यावरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असेल. पावतीवर पाच तोळ्यांच्या असलेल्या त्या पाटल्या आजच्या काट्यावर ५८ ग्रॅमच्या वर भरतील, म्हणजे आजच्या भाषेत पावणेसहा तोळ्यांच्याही पुढं. सोनं पेटीत बसून वाढलेलं नसतं. शब्द तोच राहिला, माप बदललं.

हार्डडिस्कचंही असंच आहे. डिस्क बनवणारे दहाच्या पटीत मोजतात. त्यांचा १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज दोनच्या पटीत मोजतं. त्याच्या लेखी एक जीबी म्हणजे दोनाचा तिसावा घात, १,०७,३७,४१,८२४ बाइट. लाख कोटीला या आकड्यानं भागा, ९३१.३२ येतात. ५०० जीबीच्या डिस्कचे ४६५ आणि ६४ जीबीच्या पेनड्राइव्हचे साडेएकोणसाठ कुठून येतात, तेही याच भागाकारातून. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागद मागितला, हातानं भागाकार केला, आणि “हां” एवढंच म्हणाले.

उलट, कंपनी वर थोडं देतेच. डिस्कवरच्या मोजणीच्या सगळ्यात लहान तुकड्याला सेक्टर म्हणतात. सरांच्या डिस्कवर एकूण सेक्टर आहेत १,९५,३५,२५,१६८. बऱ्याच कंपन्यांच्या १ टीबीच्या डिस्कवर तुम्हाला अगदी हाच आकडा दिसेल. सेक्टर ५१२ बाइटचा धरून गुणाकार करा: १०,००,२०,४८,८६,०१६. लाख कोटींच्या वर वीस कोटी बाइट. भाजीवाली जुडीवर चार काड्या टाकते तसं.

मेसेजवाल्याची तक्रार अगदीच हवेतली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच नावानं दोन मापं चालवणं हा घोळ आहेच, आणि खोक्यावरची “१ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट” ही ओळ मुंगीच्या अक्षरात असते. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटल कंपनीवर यावरून खटला भरला गेला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, विजेच्या उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयईसी या संस्थेनं दोनच्या पटीतल्या मापाला ‘गिबिबाइट’ असं वेगळं नाव देऊन टाकलं होतं. विंडोजनं ते कधी लावलं नाही. ॲपलनं २००९ मध्ये, मॅकच्या १०.६ आवृत्तीपासून, सरळ दहाच्या पटीत मोजायला सुरुवात केली. त्यामुळं विंडोजवर ९३१ दिसणारी डिस्क मॅकला लावली की १ टीबी दिसते. चोर बहुतेक केबलमध्ये बसलेला असावा.

खरी चोरी बघायची असेल तर ती वेगळीकडं आहे आणि तिच्याबद्दल या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. “२ टीबी पेनड्राइव्ह, फक्त ४९९ रुपये.” असला माल माझ्याकडं महिन्यातून एखादा तरी येतोच. गेल्या वर्षी एक पोरगं आलं. त्याच्या मंडळानं मिरवणुकीचं सगळं शूटिंग असल्याच एका पेनड्राइव्हवर भरलं होतं. फाइलींची नावं दिसत होती, साइज दिसत होता, फक्त सुरुवातीच्या काही सोडून एकही चालत नव्हती. आत चिप होती ३२ जीबीची. तिचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं: कॉम्प्युटरनं विचारलं की सांगायचं २ टीबी. बत्तीसच्या पुढं जे काही येईल ते एकतर आधीच्यावर लिहायचं नाहीतर सोडून द्यायचं, आणि दोन्ही वेळी “झालं” म्हणून कळवायचं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं. नवीन पेनड्राइव्हवर आधी ते चालवा, मग मिरवणूक भरा.

“साइज वेगळा आणि साइज ऑन डिस्क वेगळा, मधली जागा विंडोज चोरते.”

अंबाबाईच्या दर्शनाला जाताना चप्पल स्टँडवर चपला देता तेव्हा काय होतं? लाकडी खण असतात, प्रत्येक खणाला नंबर. तुम्ही एका लहान पोराची वीतभर चप्पल दिली तरी तिला अख्खा खण मिळतो. उरलेल्या जागेत दुसऱ्या घरच्या चपला ठेवत नाहीत, कारण मग बिल्ला दाखवल्यावर कुणाच्या कुणाला जातील. दहा माणसांचं कुटुंब आलं तर त्यांना तीन खण लागतात, आणि गर्दी असली तर ते तीन खण शेजारीशेजारी मिळतीलच असं नाही.

डिस्कवरच्या या खणाला क्लस्टर म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत तो सहसा ४ केबीचा, म्हणजे ४,०९६ बाइटचा असतो. ५,००० बाइटची फाइल दोन खण घेते, ‘साइज ऑन डिस्क’ ८,१९२ दाखवतं. मधले ३,१९२ बाइट कुणी नेलेले नाहीत, तिथंच त्याच फाइलच्या शेजारी रिकामे पडलेत. फाइल वाढली की त्यातच वाढते.

मग बाइटबाइट मोजून जागा का देत नाहीत? कारण कुठली जागा भरली आणि कुठली मोकळी याची वही ठेवावी लागते. १ टीबीचे ४ केबीचे खण पाडले तर ते भरतात २४,४१,४०,६२५. प्रत्येक खणाला भरला किंवा मोकळा एवढी एक खूण, म्हणजे एक बिट, धरला तर वही तीन कोटी बाइटची होते. एक टीबीपुढं ती किरकोळच. हाच हिशेब एकेका बाइटचा ठेवायचा म्हटलं तर नुसती वहीच सव्वाशे जीबीची होईल. म्हणजे तीन-साडेतीन हजार बाइट वाचवायला डिस्कचा आठवा भाग द्यायचा.

एक गंमत करून बघा. विंडोज १० किंवा ११ वर नोटपॅड उघडा, फक्त ‘कोल्हापूर’ असं लिहा आणि फाइल सी ड्राइव्हवर सेव्ह करा. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. साइज २७ बाइट. (क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी नऊ चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट.) आणि साइज ऑन डिस्क? शून्य. चोरी तर सोडाच, विंडोजनं तुमचं कोल्हापूर फुकटात ठेवून घेतलंय. कारण एनटीएफएसच्या मुख्य वहीत प्रत्येक फाइलच्या नावाची जी नोंद असते ती साधारण १,०२४ बाइटची असते. फाइल अगदीच बारकी, सहाएकशे बाइटपर्यंतची असेल तर ती त्या नोंदीतच कोंबतात, खण देतच नाहीत. चप्पल इतकी लहान की वहीच्या पानातच घालून ठेवली.

आता तीच फाइल एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. साइज २७ बाइटच, पण साइज ऑन डिस्क १२८ केबी, कारण तिथं खण मुळातच तेवढा मोठा पाडलेला असतो. फाइल तीच, कॉम्प्युटर तोच, विंडोजही तेच. बदलली ती खणाची मापं.

यावरूनच मेसेजचा पहिला उपाय तपासता येतो: “६४ केबीवर फॉरमॅट करा, जागा वाढेल.” बरोबर उलटं होतं. प्रत्येक फाइलच्या शेवटच्या खणात सरासरी अर्धी जागा रिकामी राहते असं धरू. डिस्कवर दोन लाख फाइली असतील, आणि फोटो, पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपचा कचरा धरला तर सहज असतात, तर ४ केबीच्या खणात चाळीस कोटी बाइट अडकतात. ६४ केबीच्या खणात साडेसहाशे कोटी. सहा जीबीच्या वर जागा स्वतःहून घालवली. शिवाय एनटीएफएसची फाइल दाबून लहान करायची जी सोय आहे, ती ४ केबीपेक्षा मोठ्या खणावर चालत नाही. मोठा खण कामाचा असतो तो नुसते लांबलचक व्हिडिओ ठेवणाऱ्यांना. त्यांच्या फाइली मोजक्या आणि अगडबंब, वहीतल्या नोंदी कमी होतात. घरच्या डिस्कला त्याचा काही उपयोग नाही.

लपवलेल्या पार्टिशनांबद्दल, म्हणजे डिस्कवर वेगळ्या पाडलेल्या कप्प्यांबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. त्यातलं शंभर एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन म्हणजे कॉम्प्युटरचा चालू व्हायचा रस्ता आहे. ते उडवलं की सकाळी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं बघत बसायचं. दुसरं रिकव्हरीचं, ते विंडोज बिघडल्यावर लागतं. दोन्ही मिळून डिस्कच्या एका टक्क्याच्या आत बसतात. जागाच हवी असेल तर हायबरनेट बंद करा. कॉम्प्युटर झोपवताना रॅममधलं उतरवून ठेवायची त्याची फाइल रॅमच्या प्रमाणात काही जीबी अडवून बसलेली असते. हे खरोखर चालतं, आणि नेमकं हेच मेसेजमध्ये नाही.

“दर आठवड्याला डिफ्रॅग मारा.”

हा सल्ला वीस वर्षांपूर्वी मीही द्यायचो, त्यामुळं त्याला जरा आदरानं घेतो. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये चकती फिरत असते, टेबलावरच्या बहुतेक डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० वेळा, आणि तिच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड इकडून तिकडं पळत असतं. एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी हेड चकतीवरच्या त्या सेक्टरच्या गोलापर्यंत न्यायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका उडीला बारा-तेरा मिलिसेकंद. फाइल सलग असेल तर एकच उडी. तिचे तीनशे तुकडे होऊन डिस्कभर पसरले असतील तर नुसत्या उड्यांमध्येच चार सेकंद गेले. हे तुकडे गोळा करून सलग खणांत लावणं म्हणजे डिफ्रॅग. त्यानं वेग वाढतो. जागा एका बाइटनंही वाढत नाही, कारण खण तेवढेच राहतात.

चकतीवरची जागा सगळीकडं सारखी नसते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान डोळ्यांपुढं आणा. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेले गोल. आखाड्यालगतच्या गोलात जेवढी माणसं बसतात त्याच्या कितीतरी पट बाहेरच्या गोलात बसतात, कारण बाहेरचा घेर मोठा. चकतीवरही बाहेरच्या गोलात सेक्टर जास्त बसतात. आणि एक फेरा बाहेरचा असो की आतला, वेळ तेवढाच घेतो. साहजिकच बाहेरच्या गोलातून एका फेऱ्यात जास्त डेटा वाचून होतो. डिस्कचे नंबर बाहेरून आत लावलेले असतात, त्यामुळं पहिलं पार्टिशन बाहेरच्या, वेगवान घेरात पडतं. “डिस्क निम्मी भरली की स्लो होते ओ” अशी तक्रार करणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं.

पण आठवड्याला हातानं डिफ्रॅग मारायची गरज विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासूनच संपली. विंडोज ते आपलंआपण करतं, आणि ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे असतील तर त्यांना हातच लावत नाही. एवढा मोठा सलग तुकडा वाचताना एखाद्या उडीनं काही बिघडत नाही.

चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या एसएसडीला तर हा सल्ला लागूच होत नाही, आणि आज दुकानातून जाणारे बहुतेक लॅपटॉप एसएसडीचेच असतात. तिथं चकती नाही, हेड नाही, उडी नाही. विंडोजला दिसणारे खण-नंबर आणि चिपमधली खरी जागा यांच्यामध्ये कंट्रोलर बसलेला असतो, आणि तो झीज सगळीकडं सारखी व्हावी म्हणून डेटा सतत हलवत असतो. तुम्ही वर्गातल्या मुलांना हजेरीपटाच्या क्रमानं बसवायला सांगितलं. कंट्रोलरनं मुलं उठवली, पण त्याला हवी तिथं बसवली आणि हजेरीपटच बदलला. वर लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्या मोजक्या असलेल्या चिपवर विनाकारण लिहिणं झालं ते वेगळंच. विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ’ नावाचं बटण आहे, ते एसएसडी ओळखतं आणि तिला कुठले खण मोकळे झाले तेवढं कळवतं. त्याला त्याचं काम करू द्या.

आता डी ड्राइव्ह. या एका समजुतीनं जेवढा डेटा घालवला तेवढा व्हायरसनंही घालवला नसेल.

अर्धं खरं आहे. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट करून नव्यानं टाकलं तर डीमधलं तसंच राहतं, यात काही वाद नाही. पण सी आणि डी ही एकाच डिस्कवर मारलेली रेघ आहे. ट्रंकेत मध्ये फळी टाकून दोन कप्पे केले म्हणून ट्रंका दोन होत नाहीत.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत दुकानांच्या शटरवर पाण्याच्या रेघा उमटल्या. पाणी उतरल्यावर माझ्याकडं सीपीयू यायला लागले, पोत्यात भरून, रिक्षातून, एक तर हातगाड्यावरून. लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर अजून डोळ्यांसमोर आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर सीला आणि रोज रात्री दहा वाजता आपोआप डीला बॅकअप, आठ वर्षं एक दिवस न चुकता. माणूस शिस्तीचा. फक्त डिस्क एकच होती आणि ती चार दिवस गाळाच्या पाण्यात होती.

तरीही त्यातलं बरंच काही वाचलं असतं. हवा भरलेल्या हार्डडिस्कला एक बारीक छिद्र असतं, आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. पूर आला की पाणी तिथूनच आत जातं. ते आत जाऊन सुकलं की गाळ चकतीला चिकटतो. हेड चकतीवरून तरंगतं ते काही नॅनोमीटर उंचीवरून. त्याच्या दृष्टीनं गाळाचा कण म्हणजे जोतिबाचा डोंगर. त्यांनी डिस्क दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली आणि “चालतीय का बघूया” म्हणून लावली. करकर आवाज आला, तेवढ्यात चकतीवर चरे पडले. बुडालेली डिस्क वाळवू नका, तांदळात पुरू नका, चालू तर अजिबात करू नका. ओली आहे तशी पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडं द्या. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा याच गृहस्थांचा एक बॅकअप कळंब्याला मेव्हण्याच्या कपाटात होता. कॉम्प्युटर पुन्हा बुडाला, पण चार दिवसांत त्यांची बिलं सुरू झाली.

“जुना कॉम्प्युटर विकताना नुसता फॉरमॅट मारा, कुणाला काही सापडत नाही.”

पुन्हा चप्पल स्टँडवर चला. फाइल डिलीट करणं म्हणजे रजिस्टरमधल्या नावावर काट मारणं आणि खण मोकळा झाला असं लिहून ठेवणं. चपला खणातच असतात. नवीन गिऱ्हाईक येऊन तो खण मागेपर्यंत त्या तिथंच राहतात. (रीसायकल बिनमध्ये तर काटही मारलेली नसते, नाव एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलेलं असतं. म्हणून बिन रिकामी केल्याशिवाय जागा वाढत नाही.) क्विक फॉरमॅट म्हणजे जुनी वही बाजूला सारून कोरी वही उघडणं. पाच सेकंदांत १ टीबी फॉरमॅट होते ती याच कारणानं. एवढ्या वेळात कुणी २४ कोटी खण झाडून काढू शकत नाही.

माझ्याकडं एकानं बाहेरून घेतलेली सेकंडहँड डिस्क तपासायला आणली होती. फॉरमॅट केलेली, उघडली की रिकामी. साधं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं तर आधीच्या मालकाचं पॅनकार्ड, बँकेची स्टेटमेंटं आणि पोरीच्या दहावीचं मार्कशीट वर आलं. त्याच्यासमोरच सगळं पुसलं.

विकायची असेल तर क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो प्रत्येक खणात शून्य लिहितो. तासन्‌तास लागतील, लागू देत. एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. तिथं डिलीट केल्यावर विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ नावाचा निरोप जातो आणि कंट्रोलर ते खण आतून साफ करून टाकतो. म्हणून चुकून उडालेली फाइल चकतीच्या डिस्कवरून मिळायची शक्यता चांगली असते, एसएसडीवरून फार कमी. हीच गोष्ट विकताना सोयीची आणि चुकल्यावर जिवावरची.

आणि चुकलंच, तर त्या डिस्कवर त्यानंतर काहीही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर उतरवू नका. मोकळा म्हणून नोंदलेला कुठला खण त्याला मिळेल हे तुमच्या हातात नसतं.

सरांनी नेमकं तेच केलं होतं. फॉरमॅटच्या चौकटीत क्विकची खूण होती ती तशीच राहिली, हे नशीब. पण जागा खरंच वाढली का ते बघायला त्यांनी लगोलग चाळीस जीबी कीर्तनं त्या डिस्कवर भरली. कीर्तनं बसली ती जुनी वही जिथं होती तिथंच. फोटो पुढच्या खणांत सहीसलामत, पण कुठल्या खणात कुणाचा फोटो हे सांगणारी पानं गेली.

वही नसली की एकच मार्ग उरतो: खण एकेक उघडून आत काय आहे ते बघायचं. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरलेल्या तीन बाइटनं होते, एफएफ, डी८, एफएफ. सॉफ्टवेअर ते तीन बाइट शोधतं, तिथून पुढं फोटो आहे असं समजून उचलतं. फोटो सलग खणांत असेल तर पूर्ण निघतो, तुकडे झालेले असतील तर वरचा अर्धा लग्नाचा आणि खालचा अर्धा करड्या पट्ट्यांचा. रात्रभर डिस्क लावून ठेवली. सकाळी अकरा हजारांच्या वर फोटो निघाले होते, बहुतेक धड. फोल्डर एकही नाही, नावं कुणालाच नाहीत, नुसते आकडे. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोंच्या पोटात तारीख असते, ते मी वर्षावार लावून दिले. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांच्या पोटातली तारीख वाटेतच काढून टाकलेली असते, ते तीन हजार तसेच ढिगात राहिले.

दोन डिस्कवर कॉपी करून दिली. एक त्यांच्याकडं, एक इचलकरंजीला लेकीकडं. आता सर रोज रात्री जेवण झालं की चष्मा लावून त्या ढिगाला नावं द्यायला बसतात. परवा बिल द्यायला आले तेव्हा म्हणाले, सातशेपर्यंत पोचलोय, पण एका बारशाच्या फोटोवर अडलंय. बाळ थोरल्याचं की धाकट्याचं यावरून घरात दोन दिवस बोलणं बंद आहे.